तीन आकडी कुलूप

त्याच्या फोनचा पॅटर्न मला पाठ होता.
वरून खाली, मग आडवा, मग एक तिरपी रेघ.
क्लासमध्ये शेजारी बसणाऱ्याला
असं काहीबाही पाठ होतंच,
जसं त्याला पाठ होतं
बुधवारी माझ्या डब्यात काय असतं.

मी तो बोटानं हवेत काढून दाखवला.
एवढंच केलं.
कौस्तुभ डोंगरवारनं पाहिला.
प्रज्योत पाणी प्यायला गेला होता,
फोन बाकावर उलटा पडलेला,
कूलर घरघरत होता
आणि मी वहीत समास आखत बसलो,
पट्टीनं, अगदी सरळ.

आत काय होतं?
वर्ध्याचा एक मुलगा.
‘तर्री कमी घेत जा, तुझं पोट बिघडते.’
‘झोपला का?’
‘पोळ्याला येतो. फुटाळ्यावर बसू.
जास्त वेळ नाही जमणार.’
‘चालते.’
ते ‘चालते’ वाचताना मला वाटलं,
आपण कुणाच्या तरी न्हाणीघरात उभे आहोत.
तरी वाचलं. सगळं. दोनदा.

दुपारपर्यंत ते दोनशे चौदा फोनांत होतं.
गेटसमोर पोह्याच्या ठेल्यावर
पोरं गळा बारीक करून म्हणायची,
‘ए, तर्री कमी घे ना रे’,
आणि ठेलेवाले रामटेकेकाकाही हसायचे,
कशाला ते माहीत नसताना.
मैदानावर कुणी चेंडू कुंपणापार घातला
की बॅटवाल्याकडे कुणी बघायचंच नाही,
सगळे प्रज्योतकडे वळून
तो आकडा ओरडायचे.
फिजिक्सच्या सरांनी त्याला
जडत्वाची व्याख्या सांगायला उभं केलं.
मागून कुणीतरी चुंबनाचा आवाज काढला.
सर खडू शोधत राहिले.
खडू हातातच होता.

मग मारबत.
इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती.
खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा,
महागाई घेऊन जा गे मारबत,
आणि आमच्या पोरांनी त्यात एक नाव घातलं.

तो तिथंच होता,
चार वर्षांच्या चुलत बहिणीला खांद्यावर घेऊन.
एवढ्या गर्दीत आपल्या दादाचं नाव
ऐकून ती हरखली.
तीही ओरडली, दोन्ही हात वर करून,
सगळ्यांत मोठ्यानं.

त्यानं तिला हळूच खाली उतरवलं.
तिची चप्पल निसटली होती, ती घातली.
मी समोरच्या ओट्यावर होतो.
त्यानं मला पाहिलं की नाही
हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आठव्या दिवशी त्याचे वडील आले,
तांडापेठेतून, पायी,
बाहीला सुताचा पांढरा धागा चिकटलेला.
स्टँडवर त्याची सायकल तशीच होती.
‘बाबू, तू त्याचा संगी होय न?
ह्या कुलपाचा नंबर माहीत हाय का?
तो तं काही बोलूनच नाही राह्यला.
खाऊनही नाही राह्यला.’

माहीत होता.
जूनमध्ये बर्डीवरून कुलूप घेतलं तेव्हा म्हणाला होता,
माझा नंबर मी विसरतो,
तुझा रोल नंबर ठेवतो,
तू तर कुठं जात नाहीस.

तीन. चार. सात.
मी वाकून फिरवले. कट् झालं.
‘बरं झालं,’ ते म्हणाले,
‘नाही तं तोडा लागलं असतं.’
आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दोन्ही चाकांची हवा कुणीतरी सोडली होती.
हँडल धरून ते निघाले,
भादव्याचं ऊन, रबर रस्त्यावर फतफत वाजतंय,
थेट चौकापर्यंत ऐकू येत होतं.

क्लासच्या मागच्या गल्लीत पंप होता.
मला माहीत होतं.
ते मात्र मी सांगितलं नाही.